तीनशे बारा वेळा पातवाला

तुम्ही खोटं छापलंत. वर बसणारे साहेब, तुमचं नाव मी लिहीत नाही. तुमची खुर्ची दर तीन वर्षांनी नवा माणूस बसवून घेते, नाव लिहिलं तरी शाई वाळायच्या आत बदलेल. पण छापलंत तुम्हीच. एप्रिलच्या अंकात, मुखपृष्ठावर, गुलाबी पट्टीत, अंगठ्याएवढ्या अक्षरांत: ‘लेखिकेच्या मनात पहिल्या दिवसापासून हेच होतं.’ काय होतं मिनेगिशी तोमोएच्या मनात? तुम्ही तिला विचारलंत? तिच्या घराचा जिना कधी चढलात? तेरा पायऱ्या आहेत, सातवी मोडकी आहे. ज्याला सातवी पायरी माहीत नाही त्याने त्या बाईच्या मनातलं जगाला सांगू नये.

तोमोए एकावन्न वर्षांची. नेरिमात एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. पुढच्या खोलीत झोपते, मागच्या खोलीत चित्रं काढते, आणि खालच्या इस्त्रीच्या वाफेने दोन्ही खोल्या बारा महिने ओलसर उबदार असतात. अकरा वर्षं ती एका मासिकात दर महिन्याला बत्तीस पानं भरत आली. एकच प्रेमकथा, चित्रांतून सांगितलेली. नाव ‘तिकीट खिडकी क्रमांक दोन’. सेतोच्या समुद्रातलं एक लहान बंदर, बेटांवर जाणाऱ्या बोटी, खिडकीत बसून तिकिटं फाडणारी चिगुसा आणि बोटीच्या इंजिनघरात काम करणारा यासुताका. इंजिनच्या धडधडीने यासुताकाचे कान अर्धे गेलेले. त्याला काही सांगायचं तर चिगुसाला खिडकी सोडून बाहेर यावं लागतं, ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडलं की अख्खी रांग ऐकते. म्हणून ती सांगत नाही. गोष्ट एवढीच. तिला अकरा वर्षं लागली, कारण माणसांना लागतात.

शेवटचं पान तोमोएने पहिल्या पानाच्या आधी काढून ठेवलं होतं. बोटी कायमच्या बंद झाल्यावर एका दुपारी चिगुसा खिडकीची काच वर करते, आणि यासुताका भाजलेलं रताळं मोडून अर्धं आत सरकवतो. बस. मिठी नाही, शपथा नाहीत, डोळ्यांत टपोरे थेंब नाहीत. ते पान खणात पिवळं पडत चाललं होतं. तोमोएला ह्या जन्मात त्या पानापर्यंत पोचायचं होतं, बाकी काही नको होतं.

नोव्हेंबरमध्ये कुरामोची तीन पोती घेऊन जिना चढला. कुरामोची तिचा चौथा संपादक, तिला मानाने ‘सेन्सेई’, म्हणजे गुरू, म्हणणारा. अठ्ठावीस वर्षांचा पोरसवदा माणूस, प्रत्येक वाक्याआधी माफी मागायची सवय, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमी अर्ध्यातून सुरू झाल्यासारखं वाटायचं. पोत्यांत पोस्टकार्डं होती. दर अंकात एक कार्ड असतं, वाचकाने त्यावर काय आवडलं ते लिहून धाडायचं, आणि मासिक त्या कार्डांवर जगतं. कार्डं कमी आली की कथा बंद, जास्त आली की मुखपृष्ठ. त्या महिन्यात कार्डावर विचारलं होतं, ‘तिकीट खिडकी’तलं तुमचं सगळ्यात लाडकं माणूस कोण?

तोमोएला वाटलं, चिगुसा पहिली आली असेल. निदान यासुताका. कुरामोचीने आधी माफी मागितली, मग घसा साफ केला, मग पुन्हा माफी मागितली.

“सेन्सेई, पहिले पातवाले-सामा आलेत. दुसरं कोणी जवळपासही नाही. यासुताका-सान नववे आहेत. बंदरावरच्या मांजराच्या खाली.”

तिने विचारलं, थोरामोठ्यांना लावतात तो ‘सामा’ लागलेला हा पातवाला कोण.

आता हे ऐका. चित्रकथेत चेहरे लेखिका काढते, पण भिंती, खांब, लाटा, तारा आणि रस्त्यावरची माणसं तिचा मदतनीस काढतो. तोमोएचा मदतनीस इनागाकी. छप्पन्न वर्षांचा, स्वतःची एकही कथा कधी छापून न आलेला, पण लाट अशी काढणारा की कागद ओला लागावा. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या भागात, बंदराच्या रस्त्यावर कुणीतरी चालतं माणूस हवं म्हणून त्याने एक काढलं. चाळिशीचा, लांब कोटातला, डाव्या बाजूने दिसणारा, हातात कागदी पिशवी, पिशवीतून हातभर लांब कांद्याची पात बाहेर आलेली. चित्र छान जमलं. पुढच्या महिन्यात वेळ कमी पडला. इनागाकीने संगणकावर तोच माणूस उचलला आणि दुसऱ्या रस्त्यावर चिकटवला. त्याच्या पुढच्या महिन्यातही वेळ कमीच पडला. ह्या धंद्यात वेळ कधी पुरलाय?

तोमोएने त्याला कधी पाहिलंच नाही. ती चिगुसाच्या पापण्या काढत होती. पापण्या काढणाऱ्या बाईला मागचा रस्ता दिसत नाही.

वाचकांनी मात्र पाहिलं. कुणा शाळामास्तरीणबाईंनी पुस्तकाची अकरा भागांची थप्पी लावून मोजलंसुद्धा, तीनशे बारा वेळा. चिगुसाच्या आईच्या अंत्यविधीला तो तिसऱ्या रांगेत उभा आहे, पात घेऊन. इस्पितळाच्या व्हरांड्यात आहे, पात घेऊन. चिगुसा मैत्रिणींबरोबर उत्तरेला होक्काइदोला गेली तर तिथे बर्फात उभा आहे, आणि त्याच दिवशी यासुताका दक्षिणेला कागोशिमाला बोटीचा सुटा भाग आणायला गेला तर तिथल्या बाजारातही आहे. एकदा तर तिकीटघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या रस्त्यावर आहे. अकरा वर्षांत पात सुकली नाही, कोट बदलला नाही, वय वाढलं नाही.

सरळ डोक्याच्या माणसाने काय म्हटलं असतं? मदतनीस आळशी आहे. वाचकांनी म्हटलं, हा प्रेमात आहे. अकरा वर्षं हा माणूस एक अक्षर न बोलता तिच्यामागे सावलीसारखा चालतो आहे, तिला कळू न देता. आणि यासुताका? तो बोलतो, ढेकर देतो, वाढदिवस विसरतो. असल्याशी कोण लग्न करतं?

तोमोएने इनागाकीला बोलावलं. तो आला, कुरामोचीने पुढे धरलेली पानं त्याने पाहिली, आणि चटईवर कपाळ टेकून बसला. उठेच ना. शेवटी तिलाच म्हणावं लागलं की इनागाकी-सान, उठा, कपाळावर चटईची नक्षी उठेल. तो उठला तेव्हा नक्षी उठलेली होती. तो म्हणाला की चुकलं, पण सेन्सेई, एक गोष्ट विचारू का? ह्या पोत्यांतली चारदोन कार्डं मला घरी नेता येतील का? चाळीस वर्षं चित्रं काढतोय, मला कुणी कधी पत्र लिहिलं नाही. ही त्याला लिहिलेली आहेत, पण त्याला तर मीच काढलाय.

तिने नेऊ दिली. तिथे तिचं चुकलं, असं काही लोक म्हणतील. म्हणू देत.

डिसेंबरात वरून निरोप आला. वरचे साहेब स्वतः कधी येत नाहीत, त्यांचा निरोप कुरामोचीच्या तोंडून येतो, त्यामुळे निरोपालाही माफीची चव असते. कथा मे महिन्यात संपवायची, हे ठरलेलं होतंच. नवीन एवढंच की शेवटच्या भागात चिगुसाचं लग्न पातवाल्याशी लागलं पाहिजे. पातवाल्याच्या उश्या बाजारात आल्या होत्या, पातीच्या आकाराच्या छत्र्या येऊ घातल्या होत्या. वाचक मासिकाच्या कचेरीत खोक्यांनी कांद्याची पात पाठवत होते. दोन्ही फ्रीज भरले, जिन्याखालची जागा भरली, संपादकांनी चाळीस दिवस रोज पातीचा रस्सा उकळून खाल्ला. कुरामोची यायचा तेव्हा त्याच्या कोटाला वास यायचा, आणि जाताना तो दोन जुड्या लाँड्रीवाल्यालाही देऊन जायचा.

तोमोएने विचारलं, त्याचं नाव काय? ज्याच्याशी लग्न लावायचं त्याला नाव तरी हवं. कुरामोची म्हणाला की नावाचीही कार्डं मागवू. तिने विचारलं, त्याचा आवाज कसा आहे? तो पोट कशावर भरतो? कुरामोचीने माफी मागितली आणि सांगितलं की वरचे म्हणतात, ते सगळं वाचकांच्या मनात आहे, सेन्सेईंनी फक्त काढायचं.

“म्हणजे मी आता वाचकांच्या घरची मोलकरीण,” तोमोए म्हणाली. “भांडी कुठे ठेवायची तेवढं सांगा.”

तिने ठरवलं की ह्या माणसाला आपणच संपवायचा. खून करून नाही. खून केला की देवळं बांधतात. साधा करून संपवायचा.

जानेवारीच्या भागात चिगुसा रस्त्यावर त्याला ओलांडून जाते, तिचा हातरुमाल पडतो, आणि पातवाला अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडतो. मान न वळवताच म्हणतो, “माफ करा, आपण कोण?”

एवढंच. ओळखत नाही तो तिला. परका माणूस. झालं, तोमोए निश्चिंत झोपली.

अंक बाजारात आला आणि त्या आठवड्यात कार्डांची सात पोती आली. सगळ्यांवर एकच, स्मृती गेली त्यांची. प्रेम इतकं दाबलं, इतकं दाबलं की स्मृतीच गेली. आओमोरीच्या एका दंतवैद्याने चार पानी पत्र लिहून कळवलं की हे वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे.

फेब्रुवारीत तिने त्याला बायको दिली. तीन मुलंही दिली, त्यातलं एक शेंबडं. बायको दारातून ओरडते की पात आणायला सकाळी गेलात ते आत्ता उगवलात. वाचक रडले. केवढा त्याग. चिगुसाच्या सुखासाठी बिचाऱ्याने नको त्या बाईशी संसार मांडला. शेंबडं पोर तर दत्तकच असणार, नाक बघा ना.

मार्चमध्ये तोमोएने हात टेकले आणि इनागाकीला सांगितलं की त्याला काढून टाक. कुठेच चिकटवू नकोस. ह्या महिन्यात रस्ता रिकामा राहू दे. इनागाकीने विचारलं, अगदी एकही नको का, लांबवर, नखाएवढा? तिने सांगितलं, एकही नको. त्याने पातवाल्याच्या जागी दोन सायकली आणि एक कुत्रा काढला.

देशभर शांतता पसरली. मग वाचकांनी ओळखलं. तो गेला. एक अक्षर न बोलता जसा जगला तसाच गेला, चित्राबाहेर, कुणाला न कळता. कुत्रा कुणाचा होता, ह्यावरही पत्रं आली.

आणि मग, साहेब, तुम्ही ती गुलाबी पट्टी छापलीत. आणि पट्टीखाली लहान अक्षरांत पातवाल्याच्या जाहीर श्रद्धांजलीच्या विधीची तारीख.

तोमोएने कचेरीत फोन केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने थेट वरचा नंबर फिरवला. साहेब बैठकीत होते. तिने पुन्हा केला, साहेब जेवायला गेले होते. तिसऱ्यांदा साहेब नुकतेच बाहेर पडले होते. संध्याकाळी कुरामोची धावत आला, सातव्या पायरीवर पाय मुरगळून घेतला, आणि लंगडत आत येऊन म्हणाला की सेन्सेई, विधीला यायचं नसेल तर शेवटचा भागही नको, असं वरचे म्हणतात. कथा आहे तिथे तुटेल. मेच्या अंकात बत्तीस पानांवर दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट जाईल.

म्हणजे रताळ्याचं पान खणातच.

ती जायला तयार झाली. तिथेच काहीतरी बोलता येईल, असं तिच्या मनात होतं. काय बोलायचं ते माहीत नव्हतं. पण मुख्य शोककर्तीला शेवटी उठून आलेल्यांचे आभार मानावेच लागतात, ते तिच्या तोंडून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. आणि मुख्य शोककर्ती तीच होती, कारण पातवाल्याला दुसरं नातेवाईक नव्हतं. फेब्रुवारीतली बायको वाचकांनी धरलीच नाही.

विधीसाठी खरेखुरे भटजी बोलावले होते. म्हातारे, शांत, चित्रकथा आयुष्यात न पाहिलेले. त्यांना मृताचं नाव हवं होतं, मेलेल्याला नवं स्वर्गीय नाव देतात, आणि ते द्यायचं तर जुनं लागतं. कुरामोचीने सांगितलं की नाव नाही, कार्डं मागवलीत. वय विचारलं तर म्हणाला चाळीस, गेली अकरा वर्षं. मृत्यूची तारीख विचारली तर म्हणाला, मार्च अंक. भटजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पाटीवर काहीतरी लांबलचक लिहिलं, ज्यात हिरवेपणा, मौन आणि भाजी ह्या तिन्हींचा उल्लेख होता. तोमोएला ते नाव आवडलं. निदान ह्या माणसाने विचारलं तरी.

आदल्या दुपारी तिने इनागाकीबरोबर बसून तीनशे बारा चित्रं जमिनीवर पसरली होती. भाषणात काय सांगायचं ते त्यांच्यात सापडतं का, हे बघायला. बघता बघता तिच्या लक्षात आलं ते तिने इनागाकीला विचारलं. हा माणूस सगळीकडे डावीकडेच बघतोय. बघतोय कुठे?

“बस येते का ते बघतोय,” इनागाकी म्हणाला. “पहिल्या चित्रात तो बसथांब्यावर होता ना, सेन्सेई. थांब्याचा खांब तुम्ही कापायला सांगितलात, चिगुसाच्या केसांत घुसत होता म्हणून. खांब गेला, माणूस राहिला.”

मग तो हळूच म्हणाला की वरून त्यालाही फोन आला होता. सेन्सेईंनी लग्नाचा भाग काढला नाही तर तू काढ, नाव तुझं छापू. चाळीस वर्षांनी नाव. तोमोएचा चहा हातातच राहिला. इनागाकीने सांगितलं की तो दोन दिवस पातवाल्याला समोरून काढायचा प्रयत्न करत बसला. जमेना. अकरा वर्षं त्याने त्याचा डावा गालच चिकटवला होता, उजव्या गालाचं त्याला काही माहीतच नव्हतं. नवरीशेजारी नवरा डावा गाल दाखवून बस बघत उभा राहिला तर बरं दिसेल का, सेन्सेई? म्हणून त्याने वरच्यांना नाही म्हणून कळवलं.

“फक्त गालामुळे?” तिने विचारलं.

“गालामुळेच म्हणालो,” इनागाकी म्हणाला आणि चित्रं गोळा करायला लागला.

सभागृह शहराच्या कांदा नावाच्याच भागात होतं. बाराशे माणसं, सगळी काळ्या कपड्यांत, प्रत्येकाच्या हातात एक पात, पांढऱ्या फितीत बांधलेली. समोर पांढऱ्या शेवंतीचा डोंगर, मधोमध पातवाल्याचं मोठं केलेलं चित्र काळ्या चौकटीत. मोठं केल्यावर इनागाकीच्या हातून चुकलेला एक केस दिसत होता. चित्राखाली अकरा पुस्तकं. सभागृहभर असा वास की भूक लागावी. तोमोए डावीकडच्या पहिल्या खुर्चीत, शेजारी इनागाकी, त्याच्या शेजारी लंगडता कुरामोची. लोक येत, उदाची चिमूट टाकत, हात जोडत, मग वळून तिला वाकून नमस्कार करत, आणि तिलाही दर वेळी वाकावं लागत होतं. तीनशे माणसांनंतर तिची कंबर धरली. एका मुलीने तिचा हात धरून सांगितलं की सेन्सेई, तुम्ही धीर धरा. तोमोए म्हणाली की धरलाय.

मग एक म्हातारी आली. सत्तरीची, काठी टेकत, पुस्तकाचा पहिला भाग कापडात गुंडाळून आणलेला. नाव सांगितलं, सेकिने. तिने उद टाकला, आणि तोमोएपुढे बराच वेळ उभी राहिली. मागची रांग खोळंबली. ती म्हणाली की तिचे मालक गेल्या वर्षी गेले. बेचाळीस वर्षांच्या संसारात दिवसाला चार शब्द. तिला वाटायचं की आपण एका कपाटाशी लग्न केलंय. ते गेल्यावर नातीने ही पुस्तकं दिली, आणि पातवाल्याला बघता बघता तिला वाटलं की कपाट नसेल. असंही असेल.

तोमोए बाकी सगळ्यांसमोर वाकली होती त्याच्यापेक्षा जास्त वाकली.

मग, साहेब, तुम्ही व्यासपीठावर गेलात. करड्या सुटातले, हसरे, घोटीव आवाजाचे. तुम्ही म्हणालात की हा शोक नाही, ही प्रतीक्षा आहे. मेच्या अंकात पातवाले-सामा परत येणार, आणि चिगुसाचा हात धरणार. सभागृहातून असा हुंदका उठला की शेवंतीची फुलं हलली. हे लेखिकेचं पहिल्यापासूनचं स्वप्न होतं, असं म्हणून तुम्ही तिच्याकडे हात केलात, आता सेन्सेई दोन शब्द बोलतील.

तोमोए उठली. तिने कागद आणला नव्हता. तिने सरळ सांगितलं की हा माणूस मेलेला नाही, कारण तो नव्हताच. इनागाकी-सानने त्याला एकदा काढला आणि तीनशे अकरा वेळा चिकटवला, वेळ नव्हता म्हणून. तो चिगुसाच्या मागे नव्हता. तो बसची वाट बघत होता, आणि बसथांबा तिने स्वतः कापला. इनागाकी उठून उभा राहिला आणि लोकांपुढे कमरेत वाकला, वाकलेलाच राहिला.

मग मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं की अकरा वर्षं त्याची बस आली नाही. आणि सगळं सभागृह पुन्हा रडायला लागलं, आधीपेक्षा मोठ्याने. साहेब, तुम्ही ध्वनिक्षेपकाजवळ येऊन म्हणालात की सेन्सेई दुःखाने थकल्या आहेत, त्यांना बसू द्या.

ती बसली नाही.

“मी थकलेय, कमरेने,” तोमोए म्हणाली. “ऐका. अकरा पुस्तकं इथे फुलांखाली आहेत, आणि निम्म्या लोकांनी घरून आणलीत. तीनशे बारा चित्रं. त्यातलं एक दाखवा ज्यात तो चिगुसाकडे बघतोय. एक. दाखवलंत तर मी मेमध्ये लग्न लावते, उजवा गालही शोधून काढते. नाही दाखवलंत तर शेवटची बत्तीस पानं माझी, आणि त्यांतलं एक अक्षर वरून बदलायचं नाही.”

पानं उलटायचा आवाज सुरू झाला. बाराशे माणसं, काळ्या बाह्या, पाती बगलेत, डोकी पुस्तकांत. कुरामोचीनेही एक भाग उघडला. मास्तरीणबाई बोटाने ओळी लावत होत्या. आवाज हळूहळू कमी होत गेला, आणि कुणाचाही हात वर आला नाही.

“तो बघतच नाही, बाई,” सेकिने म्हातारी आपल्या जागेवरून म्हणाली. तिचं पुस्तक मिटलेलंच होतं. “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आमचेही बघायचे नाहीत.”

तोमोएला वाटलं की आता आपलंच चुकतंय. तिने त्या म्हातारीकडे बघितलं, आणि म्हातारीने मान हलवली, जणू सांगत होती की माझं मी बघून घेईन, तू तुझं बघ. मग तोमोए व्यासपीठाकडे वळली.

“त्यांचं उत्तर मिळालं मला. वाचून दिलेलं आहे, म्हणून मी ते घेते. आता तुमचं द्या, साहेब. वाचकांना काय वाटतं ते मी वाचकांना विचारीन, तुम्हाला नाही विचारत. माझ्या मनातलं तुम्ही छापता, म्हणजे माझी पुस्तकं तुम्ही वाचली असणार. अकराही. समोर आहेत, फुलं बाजूला करा. तो तिच्याकडे कुठे बघतो? भाग कितवा, पान कितवं? मी इथेच उभी आहे. सांगा.”